पान एकशे बारा

ता. ९ नोव्हेंबर, रविवार

धाकटे,

भरपूर आशीर्वाद. माझा गुडघा अधूनमधून रुसतो, पण चाललंय. गच्चीची गळती एकदाची थांबली. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर आत्ता, म्हणजे तू शिव्या घालणार. घाल. ‘घर विकून टाक, मी तिथे पाऊल ठेवणार नाही’ असं तू चौथ्यांदा लिहिलंयस. त्यावर शेवटी येते.

आधी तुझ्या कादंबरीचं. आमच्या वाचनालयाची पद्धत तुला माहीत आहेच. पुस्तकाच्या मागच्या पाकिटात कार्ड असतं. परत करताना त्यावर पेन्सिलीने एक ओळ खरडायची, अर्धवट सोडलं असेल तर पान लिहायचं, सही करायची नाही. तुझं कार्ड समोर ठेवूनच लिहितेय. ‘पान ३१. बहिणी अजून भांडीच घासतायत.’ ‘पान ५८. भूत कधी येणार?’ ‘पान ७४. घर आवडलं, माणसं हलत नाहीत.’ निवृत्त पोस्टमन तर काउंटरवर पुस्तक आपटून म्हणाले, “बाई, शंभर पानं झाली, नुसतं दार कुरकुरतंय! बहिणीला सांगा, बिजागऱ्यांत तेल घाल म्हणावं.” मला हसू आवरेना.

पण जे टिकले ते हादरलेत. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, “काही घडत नाही कसं? मोठी बहीण रोज दोन ताटं वाढते आणि एक आत नेते. तिथपासून मी दिवसाउजेडीच वाचलं.” एकशे बाराव्या पानावर घर स्वतःच दार ओढून घेतं आणि आई आत अडकते, तिथे एकीने पुस्तक मिटून फ्रीजवर ठेवलं म्हणे. झोपायच्या खोलीत नको म्हणून. तुझा अभिमान वाटला गं. खरंच वाटला.

परवा दवाखान्यातली नर्स पुस्तक परत करायला आली. म्हणाली, “झकास आहे. पण घर-बिर काही नाही हो. दार बाहेरून बंद झालं म्हणजे कुणीतरी लावलं. त्या मोठीनेच लावलं. लेखिकेला ते दिसत नाही, कारण तिचा बहिणीवर फार जीव आहे.” मी शिक्का मारला तो नेमका चुकीच्या तारखेचा.

आता ऐक. त्या कार्डावरची पहिली ओळ आहे, ‘सुरुवात फार संथ. शंभर पानांत काही नाही. वेळ घालवू नये.’ ती मी लिहिली. डाव्या हाताने, पुस्तक आलं त्याच दिवशी. कुणी एकशे बाराव्या पानापर्यंत पोचू नये म्हणून. झालं उलटंच. ‘वाचू नका’ म्हटलं की रांग लागते, हे अठ्ठावीस वर्षं या काउंटरमागे बसून मला कळायला नको?

आई गेली तेव्हा मी तुला सांगितलं होतं, दार फुगून अडकलं, मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू आलं नाही. तू ते खरं मानलंस आणि त्यावर तीनशे पानं लिहिलीस. आईचं भान सुटलं होतं, उघडं दार दिसलं की ती रस्त्यावर जायची. तिच्या खोलीला बाहेरून कडी मी बसवली होती. त्या दिवशी सांभाळणारी बाई आली नाही आणि वाचनालयात पुस्तकांची मोजणी होती. दोन तासांत येते म्हणून कडी लावून गेले.

मोजणी तीनला संपली. मी पाचला उठले. मधले दोन तास मी तिथेच बसून एक भिकार कादंबरी वाचली. पंखा चालू होता, मला कुणी हाका मारत नव्हतं. मला सुखाचं वाटलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

घरी येऊन कडी काढली तर दार जड लागलं, कारण आई आतून त्याला टेकून बसली होती. गेलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, तुम्ही असतात तरी काही झालं नसतं. असेलही. पण ती एकटी बसली नसती. दार जड लागलं एवढंच खरं, बाकीचं मी त्यावर रचलं. तू पोचायच्या आत कडी उपसली आणि स्क्रूच्या चार भोकांत साबण भरून वर रंग फासला.

तू नऊ वर्षं लॉजवर उतरतेस. तुला या घराची भीती वाटते, आणि मी तुझी समजूत घालायचं सोडून ती भीती वाटू दिली. घराने काहीही केलेलं नाही, धाकटे. नवी आवृत्ती निघेल तेव्हा काय बदलायचं ते तुझं तू ठरव, माझी गय करू नकोस. घर विकायचं असेल तर विकू. पण ते घाबरून नको.

आज सकाळी मी स्क्रूड्रायव्हरने साबण कोरून काढला. चारही भोकं जागच्या जागी आहेत. भांडायला ये, पण ये. आधी त्यांवरून बोट फिरवून बघ, मग मला काय म्हणायचं ते म्हण.

कडी लावणारी,
तुझी
ताई