हळू आवाजाची शिकवणी

अल-खोबर, सौदी अरेबिया, शुक्रवार

प्रिय सुरुची,

तुझी आणि मेगनची मुलाखत आज ऐकली. वेल्समधल्या कार्डिफच्या एका कॅफेत दोन गिटार घेऊन सुरू झालेली तुमची वेल्श गाण्यांची जोडी चार अल्बमपर्यंत पोचली, आणि आता हा शेवटचा दौरा. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, इतक्या हळू आवाजात गायला कुठे शिकलीस? तू म्हणालीस, "बाबांकडून." मेगन हसली. तू हसली नाहीस.

मला आपल्या फ्लॅटमधला गणपती आठवला. पडदे ओढलेले, दाराच्या फटीत टॉवेल, टाळ्या न वाजवता आरती. तू सात वर्षांची. तुझा आवाज चढला की मी ओठांवर बोट ठेवायचो. तेव्हा इथे उघडपणे पूजा करायला बंदी होती; मी घाबरलेला असायचो. हे पत्र पाठवणार नाही, म्हणूनच हे लिहितोय.

आता इथे समुद्रकिनाऱ्यावर स्पीकर लावून कार्यक्रम होतात. मीही आज खिडकी उघडून तुझं गाणं मोठ्याने लावलं. शेजारच्या विभाताईंनी बाल्कनीतून विचारलं, "कोण गातंय हो?" त्यांना मी दहा वर्षं सांगत आलोय, की तू ऑडिटमध्ये आहेस.

"माझी मुलगी," मी म्हटलं. पण इतक्या हळू, की त्यांना ऐकूच गेलं नाही.

तुझा,
बाबा