आनंदाबाईचा डबा

१९ जानेवारी
आत्याले चिखल्याहून भंडाऱ्याले आणलं. लकवा – वाचा गेली, उजवी बाजू गेली. नवऱ्याले सोडून चाळीस वर्षं खाणीवर मँगनीज वेचलं, अन् चाळीस वर्षं त्या आनंदाबाईसोबत एकाच खोलीत राहिली. मी समजत होती, मैत्रीण आहे. आज बाबा आईले म्हणत होते, "मैत्रीण कायची! नवरा-बायकोसारख्या राहत होत्या. साऱ्या खाणीले माहीत."
शी! तिथं पलंग एकच होता. लहानपणी मीही त्याच्यावर झोपली आहे!

२१ जानेवारी
आनंदाबाई फाटकात उभी. दोन गाड्या बदलून आली, हातात डबा. बाबा आत येऊ देत नाहीत – रविवारी पाहुणे मले पाहायले येणार, कानावर गेलं तर सोयरीक मोडली समजा. आई म्हणे, "नाही म्हटलं तं फाटकात रडत बसन. घे अन् फेकून दे. तसल्या हातचं!"
फेकायले मागच्या मोरीवर गेली. झाकण उघडलं. लाखोळीची डाळ, वरून लसणाचा तडका. उभ्याउभ्या खाल्लं. सगळं!

२२ जानेवारी
धुतलेला डबा परत दिला, नवा घेतला. "खाल्लं का तिनं?" – हो म्हटलं. केवढी खुलली!
इकडे आत्या पेजेचा चमचा दिसला की दात घट्ट मिटते. नुसत्या पाण्यावर आहे.

२३ जानेवारी
आज कारलं. तेही खाल्लं. थू तुझ्यावर, तृप्ती!

२५ जानेवारी, रविवार
पसंती झाली. आत्याच्या खोलीले बाहेरून कडी, फाटकाकडची खिडकीही बंद. पाहुण्यांनी विचारलं, घरात कोण कोण? बाबा म्हणाले, "आम्ही तिघंच." मी चहाचा ट्रे धरून उभी. तो तसाच पुढे केला.
आत्याची किळस येत होती ना मले? आता माझीच येऊन राहिली.

२७ जानेवारी
पहाटे आत्या गेली. दुपारपर्यंत सगळं उरकलं. आनंदाबाईले कोणी कळवलं नाही. मीही नाही.

२८ जानेवारी
ती डबा घेऊन आली. फाटकातच सांगितलं. डबा मांडीवर घेऊन ती तिथंच बसली. माझ्यानं राहवलं नाही – "डबे मी खाल्ले. सगळे."
"माहीत आहे, बेटा. कारल्याले ती जन्मात शिवली नाही. मुद्दाम टाकलं होतं."
"मग काहून आणत होत्या?"
"रिकाम्या हातानं आली असती, तं इथंवर तरी उभं राहू देल्लं असतं का मले? इथून तिची खिडकी दिसते."