सहावा महिना

११ जानेवारी १९३४

—आणि मी ते पुस्तक मिटून ल्युशियन गेलर्डच्या टेबलावर आपटलं. दौत हलली. दफनभूमी समितीचे उरलेले दोघे खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर नुसता बर्फ होता.

“मिस थर्लो,” ल्युशियन म्हणाला, “आपटून वंश सिद्ध होत नाही.”

मिस थर्लो! शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. त्याची बहीण डेलिया माझ्या भावाची बायको. ती गेल्यापासून ल्युशियन मला अहो-जाहो करतो, आणि अमासाशी तर बोलतच नाही.

अमासाचं मागणं एवढंच: मला डेलियाशेजारी पुरा. पण ती आहे टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत, गेलर्डांच्या रांगेत. तिथे जागा मिळते ती नॉर्थमूर गाव वसवणाऱ्या पहिल्या बारा घरांच्या वंशजांना. नवरा असून भागत नाही. रक्त लागतं.

रक्त आहे की! जोब थर्लो त्या बारांतलाच. हे ल्युशियनलाही मान्य. त्याचं म्हणणं, जोब बारांतला खरा, पण आम्ही जोबचे नाही. कारण त्याच्या आजोबांनी गावाचा इतिहास लिहिला, तेच मी आपटलेलं पुस्तक, आणि त्यात एक परिच्छेद घातला. जोब जून १६६१ मध्ये नदीत बुडाला. त्याच्या विधवेला, मेहिटेबलला, पुढल्या वर्षी मे महिन्यात मुलगा झाला. आणि पुढे: “महिने वाचकांनी मोजावेत.”

वाचकांनी मोजले. अख्ख्या गावाने मोजले. शाळेत मला ‘अकरा’ म्हणत. नुसतं अकरा. अकरा, खडू दे. अकरा, सरक तिकडे.

१२ जानेवारी

अमासाला सांगितलं. पाय उशीवर, सुजून ओंडक्यासारखे झालेले. हसला!

“अकरा महिने! थर्लो कुठेही उशिराच पोचतात, टेम्पी.”

“हसू नकोस.”

“बापाने तुझं नाव टेम्परन्स ठेवलं. म्हटलं, नावाने तरी पोरीला संयम येईल. भोळा माणूस.”

डॉक्टर जाताना दाराशी हळूच म्हणाले, हृदय थकलंय. वसंत बघेल असं वाटत नाही.

मी सूप घेऊन आत गेले तर तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. म्हणाला, “मी सांगून ठेवलंय.” कुणाला? “डेलियाला. येतो म्हणून.”

या वेळी हसला नाही.

१५ जानेवारी

नगरपालिकेच्या तळघरात बसले. शेगडी नाही. हातमोजे घालून पानं उलटता येत नाहीत, काढले तर बोटं वळत नाहीत.

जोबविषयी आहे काय? जवळजवळ काही नाही. कारकुनाच्या दप्तरात त्याच्या मृत्यूची एक नोंद. चर्चच्या वहीत ओबडायाचा बाप्तिस्मा: मे १६६२, “विधवा थर्लोचा मुलगा.” बापाचं नाव नाही. मूळ वही जळाली. ही मागाहून आलेल्या पाद्र्याने केलेली नक्कल. थडग्यावर मृत्यूचं साल १६६०, पण तो दगड पणतवंडांनी बसवलेला, ऐकीव माहितीवर. आणि १६६३ मध्ये गावाने ‘थॉर्लो’ला ताकीद दिली आहे, तुझ्या वाट्याचं कुंपण दुरुस्त कर! बुडालेल्या माणसाला! जमीन त्याच्या नावावर राहिली होती, दुसरं काय. पण गेलर्ड आजोबांनी तेवढ्यावर एक वेगळा थॉर्लो उभा केला, अविवाहित, शेजारीच राहणारा. आणि मग परिच्छेदाच्या शेवटी ते मोजायला सांगणारं वाक्य. नाव न घेता पाप चिकटवायची ही धर्मोपदेशकी रीत!

मेहिटेबल तेव्हा चोवीस वर्षांची. नवरा नदीत. पोटात मूल. दोन एकर मका. तिने कुणाकडे बघायचं होतं, आणि कधी?

२० जानेवारी

शनिवार. बीन्स करपले. अमासाने निमूट खाल्ले. यानेच मला जास्त राग आला.

२२ जानेवारी

ल्युशियन पोस्टात भेटला. टोपी उचलली, तीही बोटभरच. मी म्हटलं, अमासाची तब्येत विचारायची पद्धत असते. तो म्हणाला, “तुमच्या भावाने तिला फेब्रुवारीत तळ्याच्या बर्फावर नेलं नसतं, तर आज कुणाला जागा मागायची वेळच आली नसती.”

डेलियाला स्केटिंग करायचं होतं. साठाव्या वर्षी! हट्ट तिचा होता. अमासा नको नको म्हणत होता. मी तिथे होते, मी ऐकलं. पण ताप आला, न्यूमोनिया झाला, आणि दोषी कोण? जो हात धरून उभा होता तो.

पोस्टमास्तर तिकिटं मोजत राहिला. एकच तिकीट होतं त्याच्या हातात.

२४ जानेवारी

सापडलं!

कारकुनाचं दप्तर सहज वाचत होते, जोबचं काही नाही त्या पानावर. तोच कारकून, त्याच वर्षी: “दुसरा महिना, वीस तारीख. शॅड मासा नदीत चढला. पहिली जाळी टाकली.”

दुसरा महिना. फेब्रुवारी? फेब्रुवारीत आमच्या गोठलेल्या नदीवरून घोडागाडी जाते. शॅड येतो तो एप्रिलात, झाडांना कोंब फुटल्यावर. नॉर्थमूरमधल्या मांजरांनाही हे ठाऊक आहे.

त्या लोकांना महिन्यांची रोमन नावं तोंडात नको होती. देवांची नावं ती, खोट्या देवांची. म्हणून आकडे. आणि त्यांचं वर्ष सुरू व्हायचं मार्चमध्ये. पहिला महिना मार्च. दुसरा एप्रिल. कारकुनाने जोबची नोंद ‘सहावा महिना’ अशी केली आहे. गेलर्ड आजोबांनी बोटांवर मोजलं, जानेवारीपासून, आणि लिहिलं जून.

सहावा महिना म्हणजे ऑगस्ट.

ऑगस्ट ते मे. नऊ.

तळघरात मी एकटीच मोठ्याने बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

२६ जानेवारी

ल्युशियनला त्याच्या गोठ्यात गाठलं. समितीच्या खोलीत तो अध्यक्ष असतो. गोठ्यात शेतकरी असतो. मला शेतकरी हवा होता.

“नदीकाठच्या कुरणाचं गवत कधी कापता?”

“का? गाय घेताय?”

“कधी?”

“वरच्या शेतातलं जुलैत. कुरणातलं ऑगस्टात. आधी पाय घालाल तर गुडघाभर चिखल.”

“आणि जूनमध्ये?”

“जूनमध्ये तिथे बेडूक कापा.”

मग मी खिशातून कागद काढून वाचलं. “सहाव्या महिन्याच्या सहाव्या दिवशी, कुरणातलं गवत होडीत घालून आणताना, जोब थर्लो बुडाला.” मग शॅडची नोंद वाचली. मग मार्चचं सांगितलं.

तो गवत ओढायचा पंजा हातात धरून उभा राहिला. त्याला कळलं. मी मुली शिकवल्यात, कळलेला चेहरा मला ओळखता येतो. कानापर्यंत लाल झाला.

“आजोबांनी बारा वर्षं खपून लिहिलंय ते पुस्तक,” तो म्हणाला.

“खोटं लिहायला बारा वर्षं!”

“आवाज खाली, मिस थर्लो. गाई दुभत्या आहेत.”

“मोजा म्हणाले ना ते? मोजा मग! मोठ्याने मोजा!”

“मला त्यांनी वाढवलंय.” मान वळवून गाईशी बोलल्यासारखा बोलला. “आई गेल्यावर मला आणि डेलियाला. त्या पुस्तकातल्या अक्षरांवरून मी वाचायला शिकलो.”

“मग आता नीट वाचायला शिका.”

हे मी बोलले. बोलून निघून आले. कुंपणाशी वळून पाहिलं तर तो अजून तसाच उभा.

२ फेब्रुवारी

समितीचं उत्तर आलं. “विषय महत्त्वाचा असल्याने वसंतातील वार्षिक सभेत विचारार्थ ठेवण्यात येईल. तूर्तास छापील इतिहास ग्राह्य धरावा.”

छापील! म्हणजे मेहिटेबलचं चुकलंच. छापखाना घेऊन यायला हवी होती समुद्रापलीकडून!

अमासाला वाचून दाखवलं नाही. त्याने विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, विचार करतायत. म्हणाला, “गेलर्डांना विचार झेपत नाही. मला ठाऊक आहे. तीस वर्षं एकीबरोबर संसार केलाय.” हसताना धाप लागली. उशी उंच करून दिली.

मग म्हणाला, “अकराच राहू दे, टेम्पी. आपण मेहिटेबलचे तरी आहोत की नाही? ती पण याच गावात मातीत गेली ना?”

मी म्हटलं, नाही राहू देणार. नऊ आहे ते. नऊच म्हणायचं.

“बरं, नऊ,” तो म्हणाला. मला गप्प करायला.

१० फेब्रुवारी

थंडीने पंपाचं हँडल तुटलं. अमासा दिवसभर झोपेत. मला दोनदा डेलिया म्हणाला. मी त्याची चूक दुरुस्त केली नाही.

१९ फेब्रुवारी

अमासा गेला. सकाळी, उजाडल्यावर. मी लापशी ढवळत होते.

चर्चची घंटा वयाइतकी वाजवतात. मी पलंगाशी बसून ऐकली. अडुसष्ट. चुकली नाही.

दुपारी अंत्यविधीवाला आला. “कुठे?” टोपी हातात फिरवत विचारलं. जुन्या दफनभूमीत म्हटलं. तो म्हणाला, समितीचा कागद लागेल. आणि तसंही जमीन दगड झालीय, कुदळ उडते. टेकडीखालच्या दगडी खोलीत ठेवू, थंडीत गेलेल्या सगळ्यांना ठेवतो तसं. एप्रिलात बघू.

एप्रिलात सभा. सभेत मतदान. तोवर माझा भाऊ फळीवर! हात वर करणाऱ्यांची वाट बघत! आणि मत नाही मिळालं तर खाली गिरणीमागच्या नव्या दफनभूमीत, दीड मैलावर, एकटा.

मी त्याला ताडताड बोलले. बिचाऱ्याचा काय दोष? तरी बोलले. ल्युशियनला निरोप धाडला, फक्त इतकाच: अमासा आज सकाळी गेला. अजून काही लिहिलं असतं तर शिव्याच झाल्या असत्या. उत्तर नाही.

२० फेब्रुवारी

सकाळी टेकडीवर धूर दिसला. चर्चला आग लागली असं वाटून तशीच धावले.

धूर जुन्या दफनभूमीतून येत होता. डेलियाच्या डाव्या अंगाला गोठलेली जमीन रात्रभराच्या आगीने वितळून काळी आणि ओली. ओकच्या ओंडक्यांचे निखारे एका बाजूला ओढलेले. ल्युशियन गुडघाभर खड्ड्यात होता. एकटाच. अंगातून वाफ निघत होती.

“समितीचा ठराव झाला?” मी विचारलं.

“नाही.”

त्याने वर पाहिलं नाही. कुदळ मारली. मातीचा ढेकूळ सुटला, तो हाताने उचलून काठावर ठेवला.

“दुसरं फावडं माझ्या कोठारात आहे, दाराच्या आत,” तो म्हणाला. “आण जा, टेम्पी.”

आणलं. दुपारपर्यंत खणलं.