दातावरचा चुन्याचा ठिपका

प्रिय रहीमचाचा,

हे पत्र तुम्हाला आहे, पण वाचणार आहे बेंबळीच्या साऱ्या आरेकऱ्यांपुढं, करवत ओढणाऱ्या तुमच्या सोबत्यांपुढं. झाडाखाली माणूस मेला की दोष मेलेल्याच्याच माथी! हे दुखणं त्या सगळ्यांचं आहे. निजामी गेली, मुकादमाचा शब्द मात्र अजून फर्मानासारखाच चालतो.

मुकादम तुमच्याबद्दल सांगत फिरतोय, "म्हातारा करवतीची एक बाजू घासायची विसरला. काप वाकडा गेला, चिंच त्याच्याच अंगावर आली."

तुम्ही विसराल? मुठीजवळच्या, लाकडात न जाणाऱ्या पहिल्या दातावर चुन्याचा ठिपका लावायचा, एकाआड एक दात कानशीनं घासत जायचं, मग करवत फिरवून उरलेले दात. दोन्ही बाजू झाल्यावरच ठिपका पुसायचा. तोवर चहासुद्धा नाही! एकदा मी घाई केली, तर म्हणालात, "मास्तर, तुमच्या जिभंला कानस लागत न्हाय. हिला लागती. गप बसा!"

तुमच्या मयतासोबत घरी आलेली करवत मी काल पाहिली. एका बाजूचे दात चकाकतात, दुसरीकडचे बोथट. आणि ठिपका? तसाच! म्हणजे काम अर्ध्यावर होतं. मग ती झाडाला लावली कुणी?

आणखी एक सलतं. तुमच्या मुठीत कानस होती. करवत ओढणारा माणूस हातात कानस कशाला धरेल? चाचा, तुम्ही कापायला नाही, थांबवायला धावलात ना?

त्या दिवशी मी मुरुमच्या सभेत भाषण ठोकत होतो, कष्टकऱ्यांच्या हक्कांवर! लाज वाटते. तुमचाही राग येतो. मुकादम दर खेपेला घाई करायचा आणि तुम्ही "जाऊ द्या, मास्तर" म्हणायचात. का?

आज त्याचा माणूस तुमच्या दारात आला. "करवत द्या, फुकट धार लावून आणतो." एकाएकी एवढी माया? नवऱ्यामागं इद्दतीचा एकांत पाळणाऱ्या चाची दाराआडूनच कडाडल्या, "जनाजा उठला तवा कुठं व्हतास रं?"

करवत आता माझ्या घरी आहे. खरं बाहेर येईपर्यंत तिच्या बोथट दातांना कानस लागू देणार नाही, हा माझा शब्द.

आणि आरेकऱ्यांनो, करवत दोघं ओढतात. ते दोघं आत्ता तुमच्यातच बसले आहेत. त्यांनी उद्या सकाळी चावडीवर यावं आणि फौजदारापुढं एवढंच सांगावं: चाचांच्या पुढ्यातली करवत उचलून आपल्या हातात कुणी दिली?

तुमचा,
मास्तर