बोरीची पानं उन्हाळ्यातच गळतात

प्रिय अक्का,

आज रविवार. जेवणं झाली, आबा ओट्यावर आडवे झालेत आणि मी मांडीवर पाट ठेवून लिहायला बसलेय. उद्या साडेदहाला मला साहेबांच्या हातात एक कागद द्यायचाय. खुलासा! तुला काय सांगायचं त्याबद्दल, तूही एकदा दिलायस. त्यांना लिहायच्या आधी तुला लिहावं असं वाटलं, कारण हे भांडण मुळात तुझं आहे. मी ते फक्त पुढे ओढलंय.

तू गेलीस त्याला येत्या महिन्यात वर्ष होईल. माझी बदली तुझ्याच शाळेत झाली आणि त्यांनी मला नेमकी तुझी चौथी दिली. खुर्चीही तीच, एक पाय आखूड असलेली. तू तिच्याखाली खापराचा तुकडा ठेवायचीस, मी वहीचा पुठ्ठा ठेवते.

आता झालं काय ते ऐक. गेल्या आठवड्यात चौथीची परीक्षा झाली. सायक्लोस्टाईल केलेली प्रश्नपत्रिका वरून आलेली. त्यात प्रश्न होता, ‘झाडांची पाने कोणत्या ऋतूत गळतात?’ वरून आलेलं उत्तर होतं ‘हिवाळा’. आणि माझ्या वर्गातल्या पोरांनी एकजात लिहिलं, ‘सफरचंदाची हिवाळ्यात, बोरीची उन्हाळ्यात.’ मी सगळ्यांना पूर्ण गुण दिले. का नाही देणार?

विस्तार अधिकारी साहेब पेपर तपासायला आले आणि त्यांचा चष्मा कपाळावर चढला. म्हणाले, “बाई, हे काय शिकवलंत?” मी म्हटलं, “साहेब, खिडकीतून बाहेर बघा.” हापशाजवळची आपली बोर या दिवसांत कशी असते तुला माहीतच आहे. पार उघडी, नुसते काटे. साहेबांनी मान वळवली नाही. म्हणाले, “झाड परीक्षेला बसत नाही बाई.” मी म्हटलं, “पोरं बसतात ना!”

झालं. नोटीस हातात. सोमवारपर्यंत लेखी द्या, उत्तरं चुकली असं मान्य करा, आणि प्रत्येक पेपरवर तुमच्या हाताने फुली मारा. नाहीतर सातपुड्यात बदली. तुझ्या वेळचे साहेब वेगळे होते, बोलणं मात्र शब्दाला शब्द तेच. कुठे शिकवतात गं यांना हे?

तुला आठवतं, हे सगळं सुरू कशावरून झालं? शाळेला तक्त्यांची पेटी आली होती. त्यात सफरचंदाच्या झाडाचा तक्ता, चार ऋतूंची चार चित्रं. फुलं, पानं, लाल फळं आणि शेवटी बर्फात उभा असलेला नुसता सांगाडा. तू तो भिंतीला लावलास आणि विचारलंस, “सफरचंद कुठे लागतं, कोण सांगेल?” लोटनदादाची मंगल ताडकन उठली. “बाई, सफरचंद शिविलमा लागस!” धुळ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात, खाटेच्या बाजूला! तिचा आजा तिथे पडून होता आणि भेटायला येणारे सगळे सफरचंदं घेऊन यायचे. आपल्याकडे दुसऱ्या कशाला कोण आणत होतं ते?

घरी येऊन तू मला हे सांगितलंस तेव्हा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. मग चुलीत काटक्या सारायला लागलीस. “शाले, पोरीचं काही चुकलं नाही,” तू म्हणालीस. “तिने पाहिलं ते सांगितलं. मीच न पाहिलेलं शिकवतेय.”

दुसरी एखादी असती तर तक्ता गुंडाळून मोकळी झाली असती. तू मात्र हिरामण फौजीला पत्र टाकलंस! आपल्या गल्लीतला हिरामण तेव्हा हिमाचलात होता. तू त्याला लिहिलंस, की बाबा रे, तुझ्या छावणीजवळ सफरचंदाचं झाड असेल तर ते कोणत्या सणाला कसं दिसतं ते माझ्या पोरांना कळव. बिचाऱ्याला वाटलं घरी कोणी गेलंबिलं. पण कळवलं हो त्याने, वर्षभर कळवत राहिला. एकदा तर पाकिटात घालून पिवळं पान पाठवलं. पोरांनी ते इतकं हाताळलं की शेवटी नुसत्या शिराच उरल्या.

आणि इकडे तू पोरांना बोरीला जुंपलंस. दर शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी सगळी हापशाजवळ. प्रत्येकाने घरून चिंधी आणायची आणि आपली एक फांदी बांधून ठेवायची. वर्षभर तीच फांदी बघायची, तिचंच लिहायचं. कुणाची धोतराची चिंधी, कुणाची लुगड्याच्या काठाची. गावातल्या बाया येता-जाता हात जोडायच्या, त्यांना वाटायचं झाडाला कुणी नवस बोललंय! तू त्यांना एकदाही थांबवलं नाहीस. वर मला म्हणालीस, “बरंय की, कुणी तोडणार तरी नाही.”

महिने-ऋतू पोरांच्या डोक्यात राहत नव्हते, सण राहत होते. म्हणून तुझा तक्ता सणांचा. मोठ्या कागदावर एका बाजूला सफरचंद, दुसऱ्या बाजूला बोर. पोळ्याच्या सुमाराला सफरचंदं पिकतात, आपल्या बोरीला तेव्हा कुठे बारीक फुलं. तुळशीच्या लग्नाला तिकडे पानं पिवळी, इकडे हिरवी बोरं. आणि लग्न लागेपर्यंत कुणी तोंडात टाकायचं नाही म्हणून पोरं एकमेकांवर पहारा करणार. संक्रांतीला तिकडे बर्फात उघडं झाड, इकडे पोरांचे खिसे फुगलेले. आणि वैशाखात, आखाजीला माहेरवाशिणी झोके घेतात तेव्हा तिकडे सफरचंद फुललेलं असतं नि आपली बोर उघडी.

मंगलने तो तक्ता बघितला आणि काय म्हणाली? “बाई, ते थंडीमा जपस नि आपली बोर उनमा जपस.” ते थंडीत झोपतं आणि आपली उन्हात! नऊ वर्षांची पोरगी गं ती. पुस्तक लिहिणाऱ्यांना तरी सुचलं होतं का हे?

आता मला जे लिहायचंय त्यासाठी मी दुपारपासून पेन खालीवर करतेय.

तुझ्याही पोरांनी परीक्षेत हेच लिहिलं आणि तुला नोटीस आली, तेव्हा सही करायला मी लावली. मीच. तू दोन दिवस अडून बसली होतीस. आबांना अर्धांगवायूचा झटका येऊन तीन महिने झाले होते, आणि तुझी बदली डोंगरात झाली असती तर त्यांचं करायला मी एकटी, वर माझं डी.एड.चं शेवटचं वर्ष. मी तुझ्या अंगावर ओरडले. “एका बोरीच्या झाडासाठी आबांना वाऱ्यावर सोडणारेस का? कर ना सही! काय बिघडतं?” तू माझ्याकडे बघितलंस आणि सही केलीस. अक्का, तू माझं ऐकलंस कशाला? बाकी कधी ऐकलं होतंस? मी पातळाचा रंग सांगितला तरी तू दुसराच घ्यायचीस!

दुसऱ्या दिवशी तू पोरांसमोर पेपरांवर फुल्या मारल्यास. मंगलने विचारलं, “बाई, मंग आपली बोर खोटी शे का?” हे तू मला कितीतरी वर्षांनी सांगितलंस. तू तिला काय उत्तर दिलंस ते मात्र कधीच सांगितलं नाहीस. त्यानंतर तुझी शनिवारची पोरं झाडाकडे गेली नाहीत. तू छान शिकवायचीस, निकाल चांगला लागायचा, सगळे नाव घ्यायचे. पण घरी येऊन शाळेतलं काही सांगणं तू बंद केलंस, आणि मी इतकी घोडी झालेली असून मला ते कळायला फार वेळ लागला.

सिव्हिलात तू शेवटचे पंधरा दिवस होतीस. जो येईल तो पिशवीत सफरचंदं घेऊन. तू म्हणालीस, “शाले, एवढी सफरचंदं आली म्हणजे माझं काही खरं नाही.” मी रागावले. मग एक हातात घेऊन उलटसुलट करत राहिलीस. “आखाजी आली ना? म्हणजे तिकडे आत्ता फुलं. मग हे कधीचं असेल गं? शिळंच की!” नर्सबाईसुद्धा हसल्या. त्या गेल्यावर तू भिंतीकडे तोंड केलंस आणि बोललीस, “मी सही करायला नको होती.” मी ऐकलं नाही असं दाखवलं. माफ कर. तेव्हा बोलायला हवं होतं मी. कबूल करायला हवं होतं. चादर सारखी करत बसले.

आणि तू तरी किती छुपी! वर्गात पाढ्यांचा तक्ता लटकलेला, बे ते वीस, तुझ्या अक्षरातला. जूनमध्ये भिंतीला चुना द्यायचा म्हणून मी तो काढला, तर मागे सफरचंद आणि बोर! दहा वर्षं तू त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं ठेवलंस? रोज त्याच्यासमोर उभी राहून पोरांकडून पाढे म्हणून घेतलेस? मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. मी खाली बसले आणि भोकाड पसरून रडले. चुना देणारा गडी पळत जाऊन हेडमास्तरांना घेऊन आला. मग मी डोळे पुसले आणि तक्ता सुलटा करून लावला. दुसऱ्या दिवशी पोरांना सांगितलं, शनिवारी घरून एकेक चिंधी आणा.

नोटीस आली हे मी आबांपासून लपवणार होते. पण गावात काय लपतं? काल मी खुलासा लिहायला बसले तर त्यांनी हाक मारली. जीभ अजून थोडी जड आहे, पण बोलतात सगळं. विचारलं, “काय लिखी ऱ्हायनी?” मी सांगून टाकलं. तुझंही सांगितलं, मी तुला कशी सही करायला लावली ते. मला वाटलं ते गप्प बसतील, नेहमीसारखे छपराकडे बघतील. ते चक्क उठून बसले.

“मन्हं नाव पुढे करीसन सही करी तुम्ही,” आबा म्हणाले. “माले इचारं का कोन्ही?”

खरंच गं, अक्का. माझं नाव पुढे करून सही केलीत, मला विचारलं का कोणी? आपण दोघी त्यांच्या खाटेपासून चार हातांवर भांडलो, त्यांना सगळं ऐकू येत होतं, आणि त्यांना विचारावं असं एकीलाही सुचलं नाही. आपण त्यांना आजारी धरलं म्हणजे संपलेच असं धरलं. मी त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, “रडू नको. लिखी दे, बोर उनमाच झडस. माले बठ्ठं माहीत शे, मी लायेल शे ती.”

तुला माहीत होतं का गं हे? शाळेमागची ती बोर आबांनी लावलेली आहे! शाळेची इमारत उभी राहत होती तेव्हा. कधी बोलला नाही हा माणूस. मी म्हटलं, “आबा, बदली झाली तर?” तर म्हणाले, “मी बी येसू संगे.” काठी टेकत टेकत सातपुडा चढणार म्हणे! मला हसूही आलं आणि त्यांचा रागही आला, इतकी वर्षं गप्प राहिले म्हणून. तुम्ही दोघं बाप-लेक एकाच मातीचे.

तर उद्याचा खुलासा मी लिहून ठेवलाय. तुला आधी वाचून दाखवते, शुद्धलेखन तपास.

‘मुलांची उत्तरे बरोबर आहेत. त्यांनी वर्षभर झाड पाहून लिहिली आहेत. झाड शाळेच्या मागे हापशाजवळ आहे, साहेबांनी केव्हाही येऊन पाहावे. गुण कमी करणार नाही.’

एवढंच. खाली माझी सही. ‘आपली नम्र’ मुद्दाम लिहिलेलं नाही, मी नाहीये नम्र.

बदली होईल. होऊ दे! तिकडे सातपुड्यात, धडगावकडे मोहाची झाडं आहेत म्हणतात. मोहाची पानं कधी गळतात हे मला ठाऊक नाही, आणि पुस्तकात तर नसणारच. तिथे पहिल्या दिवशी मी पोरांनाच विचारणार आहे, आणि ती जे सांगतील ते फळ्यावर लिहिणार आहे.

आणि तुला वचन देते अक्का, तुला आणि कुठे असेल तिथे असलेल्या मंगललाही. पोरांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर माझ्या हाताने कधीही फुली पडणार नाही. तुझ्या हातून जी पडली ती माझी होती. ती मी उद्या खोडतेय.

तुझी,
अजून तशीच भांडखोर
शालू