आवडाबाईंचं टिपाड आणि माझं ॲडमिशन

छत्रपती संभाजीनगर,
रविवार

तीर्थस्वरूप यमुनाआत्यांना चारुताचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या गुडघ्याची चौकशी आधीच करून टाकते, नंतर राहून जाईल. ते तेल चालू आहे का बंद केलंत? (बंद केलं असेल तर आईला कळवू नका. तुमचं ऐकून तिनंही तेच आणलंय.) इकडं सगळे बरे आहेत. बाबांचा फोन तेवढा बरा नाही. तुमचा भाऊ तुम्हाला फोन का करत नाही, हे कळावं म्हणून हे पत्र.

माझ्या डॉक्टरकीचं काय झालं, असं तुम्ही विचारलं होतं. नीट परीक्षेत यंदाही जागा मिळण्याएवढे गुण पडले नाहीत. बीएस्सी हातात आहे, तेव्हा घरी बसण्याऐवजी आधी सार्वजनिक आरोग्यात एमपीएच करावं, मग परत नीट आणि मग एमबीबीएस, असं ठरलं. (ठरलं म्हणजे बाबांनी ठरवलं, मी जेवत होते.) दोन ठिकाणी निवड झाली. पुण्याच्या संस्थेत गार वर्ग, संगणक आणि आकडेवारी. वर्ध्याकडच्या संस्थेत अर्धा वेळ खेड्यांत हिंडायचं. बाबा वाळूजच्या कारखान्यात माल तपासणीला असल्यामुळं जिथं धूळ नाही ते त्यांना आपोआप चांगलं वाटतं. मैत्रिणींनीही पुणंच म्हटलं, पण त्यांना सुट्टीत उतरायला तिथं खोली हवी होती. मला दोन्हींतलं काहीच कळत नव्हतं.

शेवटी बाबांचे मित्र शफीककाका म्हणाले, "अरे श्रीनिवास, पोरीला खेड्यातलं काम एक दिवस दाखव तर." त्यांच्या ओळखीची दीपमाला पाचोडला डेंग्यूचं सर्वेक्षण करते. घरोघरी जायचं आणि साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या आहेत का ते बघायचं. बाबा मला नुसते सोडायला आले होते, गाडीत बसून पेपर वाचणार होते. ऊन लागलं म्हणून उतरले, आणि उतरले ते आमच्या पुढंच चालू लागले.

आवडाबाई नावाच्या बाईंच्या दारात निळं टिपाड होतं, पाण्यानं काठोकाठ भरलेलं. माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "डॉक्टर व्हय?" मी नाही म्हटलं. बाबा म्हणाले, "होणार आहे." "मग झाल्यावर ये," म्हणाल्या आणि भांडी घासायला बसल्या. दीपमाला त्यांच्याशी बोलत राहिली, मी टिपाडात डोकावले, काही दिसेना. बाबांना राहवलं नाही. त्यांनी फोनची बॅटरी लावली, वाकले, तपासणी कशी करतात ते सांगायला लागले आणि फोन टिपाडात गेला.

तळाशी जाऊनही बॅटरी चालू राहिली, आणि त्या उजेडात वळवळणाऱ्या अळ्या अख्ख्या गल्लीनं पाहिल्या. (दीपमाला म्हणाली, इतकं स्वच्छ तिला कधीच दाखवता आलं नव्हतं.) आवडाबाईंना मात्र अळ्यांचं काही नव्हतं, पाण्याचं होतं. टिपाड ओतल्याशिवाय फोन निघणार नाही आणि नळ कधी येईल याचा भरवसा नाही. "लई शहाणे तुमी! आता लेकरांना काय देऊ प्यायला?" बोलताना त्यांचा आवाज चिरकला. त्यांचा नातू मागच्या महिन्यातच तापानं दवाखान्यात होता, असं दीपमालानं मला हळूच सांगितलं.

मग टिपाड ओतलं. मी निम्मी आत शिरून ते काथ्यानं घासलं आणि बाबांनी गावाबाहेरच्या हापशावरून घागरी आणल्या. (इस्त्रीच्या शर्टात. फोटो नाहीत, फोन उन्हात वाळत होता.) शेजारणी आधी हसल्या, मग एकेक जण "आमच्याबी टिपाडात बघा" म्हणत बोलवायला आली. संध्याकाळी आवडाबाईंनी चहा केला. टिपाडाच्या तोंडाला जुनं लुगडं बांधून ठेवायचंही कबूल केलं, पण माझ्या सांगण्यावरून नाय, हेही स्पष्ट केलं. निघताना विचारलं, "पुढल्या बाजाराला येतीस का टिपाड बघाया?" येते म्हणाले. मला कामासाठी असं कुणी कधी बोलावलं नव्हतं, आत्या.

परतताना बाबा म्हणाले, पुणंच बरं. मी पुढल्या बाजाराला किती दिवस राहिले ते मोजत होते.

बाकी क्षेम. काकांना नमस्कार सांगा, तेलाचं कळवा.

तुमची,
चारुता

ता. क. फोन हातातून निसटला असं बाबा म्हणत नाहीत, टिपाडाचा काठ ओला होता असं म्हणतात. आपणही तसंच म्हणावं.

आणखी एक ता. क. वर्ध्याला मी काल होकार कळवला. नीटची पुस्तकं शेजारच्या राजनंदिनीला देऊन टाकली. ती परीक्षा मला परत द्यायची नाही, डॉक्टरही व्हायचं नाही, हेच काम करायचं आहे. ही दुसरी गोष्ट बाबांना अजून ठाऊक नाही. (पहिलीही नाही.) राखीला तुम्ही येणारच आहात, तर जरा आधी या आणि मी सांगेन तेव्हा समोर बसा. माझा राग आला असेल तर आधी तुम्हीच ओरडा, चांगलं मोठ्यानं. तुम्ही मला ओरडलात की बाबा हमखास माझी बाजू घेतात.