या भागात निळी शेळी नाही

प्रिय आदिलमियाँ,

तुला, अफशीनला आणि आमच्या उजमाराणीला या म्हाताऱ्याच्या ओंजळभर दुवा.

फोनवर तू दोनदा विचारलंस, अब्बा, मग कायमचे येताय ना कॅलगरीला? आणि दोन्ही वेळा मी 'बघू, इन्शाल्ला' म्हणून तुमच्याकडच्या बर्फाची चौकशी करत बसलो. फोनवर मला सुचत नाही रे. पलीकडे कोणी उत्तराची वाट बघतंय म्हटलं, की शाळेतल्या फळ्यापुढे उभं केल्यासारखं होतं. म्हणून हे कागदावर लिहितोय, आणि कागदाचे फोटो काढून पाठवीन. मराठी वाचताना तुझे ओठ अजून हलतात ना? सावकाश वाच.

ईदला तू पाठवलेली गेम सुरू केली आहे. व्हिडिओ कॉलवर 'अब्बा, ती वायर नाही, ती दुसरी' करत तूच ती टीव्हीला लावून घेतलीस. लढाई मला झेपेना, तर 'फक्त गोष्ट' असं काहीतरी निवडायला लावलंस. आता राक्षस माझ्याकडे नुसतं बघून आडवे होतात. मत्रहच्या बाजारातल्या दुकानातून असरच्या नमाजाच्या सुमारास सुटतो. तिथे तरी माझं काय काम उरलंय! जुन्या अर्बाबचा मुलगा, आता तोच मालक, म्हणतो, हुसैनचाचा, तुम्ही नुसते बसा, तुम्ही दिसलात की जुनी गिऱ्हाइकं थांबतात. तसा बसतो, लोबानाच्या धुरात, विकायला न काढलेल्या सुरईसारखा. मग वादी अदाईला घरी. तुझी अम्मी गेल्यानंतरचा दुसरा रमजानही झाला, तरी कुलूप उघडताना मी अजून खोकतो. आधी वर्दी द्यायची सवय.

ही गेम आपल्या घरातलीच, नाही का? तिचं लांबलचक इंग्रजी नाव तुझ्या अम्मीच्या, सफियाच्या, जिभेवर कधी बसलं नाही. सुरुवातीला अंधाऱ्या बेटावर कोणीतरी एक दिवा लावतं, म्हणून आपल्याकडे ती 'दिव्यांची गेम'. तू जमिनीवर मांडी ठोकून खेळायचास, ती तुझ्यामागे पातेलं घेऊन कोळंबी सोलत बसायची. तिला गोष्ट हवी असायची. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं उमटली की विचारायची, 'काय म्हणते ती?' कुकरची शिट्टी व्हायला आली की हुकूम, 'थांबव रे आदिल, मी आल्याबिगर कोणाला मरू देऊ नको.' आणि सांगायचं काम माझ्याकडे. मला मेल्याला साधं सांगता येत नाही. रत्नागिरीच्या शाळेत कृष्णकांत गुरुजी डोळे मिटून, चालीवर कविता म्हणून घ्यायचे, त्या चाली हाडांत बसल्या त्या बसल्याच. पहिल्या भागातली ती नावाडीण निरोप घेताना मी म्हटलं होतं, 'नाव सुटली, काठ सुटेना, दोर कुणी गं धरला?' तू किंचाळलास, 'अब्बा, ती फक्त गुडबाय म्हणाली!' सफियाने कोळंबीच्या हातानेच तुला चापट मारली.

मग दुसरा भाग आला आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. राज्य नवं, माणसं नवी, जुन्यातला एकही माणसाचा चेहरा नाही. 'अवो, ती नावाडीण खय गेली? तिचा तो मुका भाऊ?' तू परोपरीने समजावलंस, की ही गेम अशीच असते, दर भागात जग नवं, मागच्याशी संबंध नसतो. तिला पटेना. 'संबंध नाय म्हणजे? माणसं काय अळंबी हायत, पावसागणिक नवी उगवायला?' तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की तो पांढऱ्या दाढीचा सरायवाला दिसतो ना, तो त्याच मुक्या भावाचा नातू. सफिया खूश. तू मात्र माझ्याकडे असं बघितलंस, जसा काही मी परीक्षेत कॉपी करताना सापडलोय.

तिसऱ्या भागात चित्रं भरीव झाली, माणसांना पोटाबरोबर पाठही आली. चौथ्यात तर त्या बनवणाऱ्यांनी लढाईतली पाळीच काढून टाकली. आधी कसं, तुमचा वार होईपर्यंत शत्रू मुकाट उभा, मग त्याचा वार. मत्रहच्या बाजारातल्या घासाघिशीसारखं, सभ्यपणे. आता सगळे एकदम तुटून पडायला लागले. तू रुसून बसलास, ही ती गेमच नाही म्हणालास. आणि मग एक दिवस जेवता जेवता, ताटाकडे बघत, खरं तर अशीच जास्त चांगली आहे म्हणालास. मला तेव्हाही नवल वाटलं होतं. एवढं जमलेलं सगळं मोडायचं, नाव तेवढं ठेवायचं आणि पुन्हा अंधारात दिवा लावायचा, ही छाती या लोकांना कुठून येते? मी जग बदललं ते एकदाच, कोकण सोडून इथे आखातात आलो तेव्हा. तेही अर्धंच. झोपेत अजून रत्नागिरीच्या शाळेची घंटा ऐकू येते.

धागे जोडणं तसं सोपं होतं, कारण ओझी वाहणारी निळी शेळी दर भागात असायचीच. सफिया म्हणायची, 'ती एकच इमानी. बाकी सगळे पगार घेऊन गेले.' शेळीला कोणी पाळलं, कोणी हाकललं, कोणाच्या दारात ती पुन्हा येऊन उभी राहिली, यावर मी पिढ्या जोडत गेलो. तुला वाटायचं अम्मी भोळी आहे. भोळी कसली! मला म्हणाली होती, 'तुमी सांगा तर. खरं-खोटं माझं मी बघीन.'

या नव्या भागात निळी शेळी नाही. मी सगळीकडे शोधली. आता म्हणे ठरलेला नायक नाही, ठरलेली वाट नाही. नजर जाईल तिथवर माळ, हवं तिकडे जा. माणसं खऱ्या आवाजात बोलतात. तू सांगत होतास, जुने खेळणारे चिडलेत, शेळी परत आणा म्हणतात, आणि बनवणारे म्हणतात की जुनं ओझं उतरवल्याशिवाय नवं चालता येत नाही. बरोबर असेल त्यांचं. मी मात्र त्या माळावर नुसता उभा असतो. परवा एक म्हातारी मेंढपाळीण फार सुंदर बोलली. मी मोठ्याने, चालीवर तिचं मराठी केलं. जमलंही होतं. तेवढ्यात शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली आणि माझा अंगठा आपोआप थांबवायच्या बटणावर गेला. गेम थांबली. मीही थांबलो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की स्वयंपाकघरातून कोणी यायचं नाहीये.

अफशीनने उन्हाची खोली माझ्यासाठी ठेवली आहे, उजमाला मराठी शिकवायला मीच हवा, हे सगळं मला पोचलं. मलाही हवंय रे ते. पण आता खरं सांगतो, त्यासाठीच लिहायला बसलोय. दर शुक्रवारी नमाजनंतर मी टॅक्सी करून डोंगरापलीकडे आमेरातला जातो, कबरस्तानात. फातिहा वाचतो. आणि मग तुझ्या अम्मीला आठवडाभरातली गोष्ट सांगतो. खेळतो ते एवढ्यासाठीच, नाहीतर या वयात माझं त्या बटणांशी काय नातं! गोष्ट अर्ध्यावर आली आहे आणि ती अर्ध्यावर टाकून मला विमानात बसता येणार नाही. म्हणून आत्ता नको, आदिल. तिकीट काढू नकोस. उजमाला सांग, आजोबा येतील, पण गोष्ट संपवून. आणि एक अडलंय. गेल्या शुक्रवारी मी नुसती फातिहा वाचून परत आलो. ती काय विचारणार ते मला ठाऊक आहे, 'शेळी खय गेली?', आणि या खेपेला तो धागा मला जोडता येत नाही. पाचव्या भागाच्या वेळचं तुला आठवतं? मी दुकानातून आलो तर सफिया दारातच म्हणाली, 'आदिल सांगत होता, तो आंधळा घड्याळजी म्हणजे नावाडणीच्याच घरातला.' मी तुझ्याकडे बघितलं, तू पुस्तकात डोकं खुपसलंस. तूही आता हाच भाग खेळतोयस ना, तर शोध काहीतरी. एखादी विहीर चालेल, झाड चालेल, कोणी वाटसरूही चालेल. शेळी कुठे गेली तेवढं मला शुक्रवारच्या आत कळव, मोडक्यातोडक्या मराठीत का होईना. चालीवर मी बसवीन. आणि हे आदिलने शोधलं, असंच तिला सांगीन.

वाट बघणारा, तुझाच,
अब्बा